तळचे गहू

यंदा कोठीनं सहाव्याच पायलीला तोंड मिटलं.

इंदूबाईंनी पायली हातात धरून आत वाकून पाहिलं. गहू काठाला आले होते आणि पोत्यात अजून दोन पायल्या शिल्लक होत्या. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा याच पत्र्याच्या कोठीत आठ पायल्या जात, वरून मूठभर घालावे लागत. कोठी तीच, पायली तीच, तरी दरसाल तिची भूक कमी होत चालली होती. माणूस म्हातारा झाला की दोन घास कमी खातो, हे समजू शकतं. पत्र्याला कसलं आलंय म्हातारपण?

दोन कोठ्या म्हणजे दोन महालक्ष्म्यांची धडं. एक ज्येष्ठेची, एक कनिष्ठेची. धान्यानं भरायच्या, लुगडी नेसवायची आणि संध्याकाळी उंबऱ्यावरून पितळी मुखवटे आणून वर बसवायचे. उद्या पूजन, सोळा भाज्या, आंबील, पुरण, आणि अर्धं सौंसर गाव जेवायला. परवा बोळवण. ज्येष्ठेची कोठी दरसाल धुऊन उन्हात ठेवत. कनिष्ठेची मात्र कधी तळापर्यंत रिकामी होत नसे. तळचे गहू काढायचे नाहीत, हा इंदूबाईंच्या सासूचा नियम. सासूला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी तिचा शब्द या घरात तिच्या मुलाच्या, यशवंतरावांच्या शब्दापेक्षा बोटभर वरच होता.

"आई, मी रिकामी करून देऊ का?" मागून तृप्तीनं विचारलं. धाकटी सून, लग्नानंतरच्या पहिल्याच महालक्ष्म्या, चौथा महिना चालू. "जुन्या गव्हाले किडे लागले असतीन. म्हून मावून नाही राहिले."

"हात नको लावू!"

इंदूबाई इतक्या जोरात ओरडल्या की त्यांच्या त्याच दचकल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "ते थोरल्या बाईचं काम असते, पोरी. तू वाती कर."

तृप्ती वाती करायला बसली. पण ती मास्तरीण. प्रश्न पोटात ठेवणं तिला जमत नसे. पाटावर ठेवलेल्या पितळी पोराकडे तिनं पाहिलं. महालक्ष्मीचं लेकरू, हातात लाडू, पायात तोडे.

"याची बहीण कुठं हाय? आमच्या सावरगावाले पोरगा अन् पोरगी, दोन्ही बसवतेत."

"आमच्याकडं एकच."

इंदूबाईंनी कोठी भिंतीशी सारण्यासाठी दोन्ही हातांनी ओढली. आत काहीतरी सरकलं. गहू सरकतात तसं सळसळत नव्हे. झोपलेलं लेकरू कूस बदलतं तसं, जड, आळसावून. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. इंदूबाईंनी आधी नजर काढली. त्यांना माहीत होतं, ती बहीण कुठं आहे. सासूनं साठ वर्षांपूर्वी ती पितळी पोरगी उचलून कनिष्ठेच्या पोटात घातली होती आणि वर गहू ओतले होते. देवीची पोरगी देवीच्या पोटातच राहील, तर आपल्या घरात पोरगी येणार नाही. आणि खरंच आली नाही. तीन पिढ्या नुसते मुलगे. सौंसरात त्यांच्या घराला नावच होतं, पोट्ट्यांचं घर. देवीचं हे काम माणसांनी किती हलकं केलं होतं, ते मात्र कोणी विचारत नसे.

*

घरामागच्या संत्र्याच्या बगिच्यात यशवंतराव हिरवी फळं पायानं बाजूला सारत चालले होते. भाद्रपदातली गळ. वारा नाही, पाऊस नाही, आणि तरी मधूनच कुठंतरी ठप्प करून फळ पडत होतं. मागून धाकटा मुलगा कुलदीप, तृप्तीचा नवरा, मान खाली घालून येत होता. थोरला वीरेंद्र नागपूरच्या मंडीत गेला होता. तो असता तर बापाशी बोलायची पाळी कुलदीपवर आली नसती.

"परवा बोळवण झाली का रविवारी सकाळीच निघा," यशवंतराव म्हणाले. "गाडी दारात येईन. तो मानूस मशीन घेऊन फार्महाऊसवर येते. अर्ध्या घंट्याचं काम."

"तिले सांगतलं नाही अजून, बाबा."

"सांगाचं काय त्याच्यात? रक्त तपासाचं हाय म्हना. पोरगा असला त पेढे घेऊन या. नसला त तिथंच मोकळं करून देतेत, संध्याकाळी घरी. उर्मिलाच्या टायमाले वीरेंद्रनं अशी मान नव्हती पाडली."

"पयलंच लेकरू हाय. अन् कायद्यानं..."

"कायदा तुह्या आजीले बी होता का नव्हता, मले माहीत नाही. घर टिकलं एवढं माहीत हाय."

कुलदीपला स्वतःची लाज वाटत होती. परवाच तृप्ती शाळेच्या वह्या तपासता तपासता झोपली होती, आणि तिच्या पोटाकडे पाहत त्यानं मनातल्या मनात दोन नावं ठरवली होती. एक मुलाचं, एक मुलीचं. मुलीचं त्याला जास्त आवडलं होतं. बापासमोर मात्र त्याच्या तोंडून दोन्ही नावं निघणं शक्य नव्हतं.

"ठीक हाय," तो म्हणाला.

*

संध्याकाळ व्हायची होती, पण आभाळ इतकं भरून आलं की चार वाजताच घरात दिवे लावावे लागले आणि लावल्याबरोबर वीज गेली. समईच्या उजेडात उर्मिला ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती. थोरली सून, दोन मुलांची आई. मुलं नागपूरला वसतिगृहात. तिच्या शेजारी तृप्ती कनिष्ठेला छातीशी धरून उभी. दारापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं उमटवलेली होती. यशवंतराव आणि कुलदीप आत बाजूला हात जोडून उभे राहिले.

आतून इंदूबाईंनी विचारलं, "कोन आली?"

"ज्येष्ठा आली," उर्मिला म्हणाली.

"कायच्या पावलानं आली?"

"सोन्याच्या पावलानं आली."

"कोन आली?"

"कनिष्ठा आली," तृप्ती म्हणाली. तिचा आवाज शाळेतला, ठणठणीत.

"कायच्या पावलानं आली?"

"रुप्याच्या पावलानं आली."

"संगं कोन आलं?"

"पोरगा आला," दोघी एकदम म्हणाल्या.

इथं थांबायचं असतं. साठ वर्षं या घरातल्या बायका इथं एक श्वास थांबत आल्या होत्या. जे वाक्य काढून टाकलं होतं, त्याची जागा तेवढी ठेवली होती. उर्मिला पहिल्या वर्षी चुकली तेव्हा इंदूबाईंनी तिला हात दाबून गप्प केलं होतं. तृप्तीला सांगायचं मात्र राहून गेलं. प्रत्येकीला वाटलं, दुसरीनं सांगितलं असेल.

"अन् पोरगी आली!" तृप्ती म्हणाली. सावरगावात म्हणतात तसं, हसत.

आणि मग देवघरातून आवाज आला. सर्रर्र. बराच वेळ. कोठीतले गहू आपोआप खाली जात होते.

उर्मिलेला पळून जावंसं वाटलं. उंबऱ्याबाहेर मोकळं अंगण होतं, पलीकडे लोधीखेड्याचा रस्ता होता. पण ज्येष्ठा हातात घेऊन कोणी पळत नाही. ती पिठाच्या पावलांवरून आत गेली. मागून तृप्ती.

कनिष्ठेच्या कोठीत गव्हाला मधोमध खड्डा पडला होता. कोणीतरी खालून ओढून घेतल्यासारखा. मुखवटा बसेना.

"पुन्हा बाहेर जा," यशवंतराव म्हणाले. "नीट म्हना."

तृप्तीनं गोंधळून सासूकडे पाहिलं. "काय चुकलं माह्यं?"

"पोरगी आली म्हनलं ना तू. ते वापस घे."

"आता घरात आली, बाबा. आलेल्या मानसाले कसं वापस पाठवाचं?"

ती खरंच विचारत होती. पण यशवंतरावांना ते उलट उत्तर वाटलं. त्यांच्या अंगावर काटा आला होता आणि काटा आला की त्यांना राग येत असे. ते मुलाकडे वळले.

"रविवार नको. त्या मानसाले आत्ताच फोन लाव. आज येते का इचार."

"बाबा, आज..."

"लाव म्हनलं ना!"

कुलदीपनं फोन लावला. पलीकडे नुसती घंटी वाजत राहिली. त्यानं फोन खिशात टाकला.

"कोनता मानूस?" तृप्तीनं विचारलं. ती कुलदीपकडे वळली. "अवो, मी तुमाले इचारून राहिली. कोनता मानूस?"

कुलदीपनं सांगितलं. खाली पाहत, पाचसहा शब्दांत. पण तेवढे पुरे होते. तृप्तीचा हात आधी पोटावर गेला, मग भिंतीवर. ती घाबरली. या घरात सगळे आपल्याशी इतके गोड का वागत होते, ते तिला एका झटक्यात कळलं.

"ताई, तुमाले माहीत होतं?"

"मी दोनदा जाऊन आली वं," उर्मिला म्हणाली. "थोरल्यानंतर एकदा. धाकट्याच्या आधी अजून एकदा. तेच फार्महाऊस."

"अन् आई, तुमाले?"

इंदूबाईंची नजर कोठीवर खिळली होती. तृप्तीनं ती नजर पकडली.

"काय हाय या कोठीत?"

"काही नाही. गहू."

"मग मी रिकामी करते."

"हात लावला त पाह्य!" यशवंतराव पुढं झाले. आपल्या आईचा नियम ते मोडू देणार नव्हते. तृप्ती थांबली. पण मधे उर्मिला आली. सोळा वर्षांत सासऱ्यासमोर जिचा पदर डोक्यावरून ढळला नव्हता, ती ज्येष्ठेला पाटावर ठेवून पुढं गेली, तिनं कोठीला दोन्ही हात लावले आणि ढकलून दिली.

पत्रा फरशीवर आपटला. गहू धो धो बाहेर आले, दारापर्यंत, यशवंतरावांच्या पायांपर्यंत. नवे पिवळे, मग त्याखालचे काळपट, भुकटी झालेले, कुबट वासाचे. आणि त्यातून आल्या पोरी.

पहिली पितळेची. हिरवी पडलेली, पण ओळखू येत होती. पाटावरच्या पोरासारखेच गाल. तिच्यामागून मातीच्या घरंगळत आल्या. वीतभर, न भाजलेल्या, हातानं घडवलेल्या. एक, दोन, चार, आठ. समईच्या उजेडात त्या गव्हात आडव्यातिडव्या पडल्या होत्या आणि काहींचे डोळे उघडे होते.

कुलदीप दाराशी टेकला.

इंदूबाई खाली बसल्या. त्यांनी दोन अशा उचलल्या की जणू कुठं आहेत ते त्यांना पाठच होतं. "ह्या माह्या," त्या म्हणाल्या. "वीरेंद्रच्या आधीची ही. अन् ही कुलदीपच्या आधीची. म्या केल्या. सासूबाईची पाठ दुखे तवा कोठी भराले मले बसवत. तवाच टाकल्या. म्हनलं, एक हायच आत, तिच्यासंगं राह्यतीन."

"अन् ह्या चार?" तृप्तीनं विचारलं.

इंदूबाईंनी एक समईजवळ नेली. माती जुनी, तडकलेली. डोक्यावर काडीनं ओढून केसांचा भांग पाडला होता. प्रत्येकीच्या कपाळावर गोंदणाचा ठिपका, हनुवटीवर दुसरा. असं गोंदण घरात एकाच बाईचं होतं. इंदूबाईंचा हात आखडला.

"सासूबाई," त्या पुटपुटल्या. "बाप्पा... सासूबाईनं बी केल्या."

ज्या बाईनं इंदूबाईंना त्यांच्या पोरीला दूध पाजू दिलं नाही, तिनं स्वतःच्या चार पोरींचे भांग पाडले होते. इंदूबाई तिला आयुष्यभर मनातून शिव्या देत आल्या होत्या. आता त्या शिव्या कुठं ठेवायच्या, त्यांना कळेना.

यशवंतराव अजून उभेच होते. बहात्तराव्या वर्षी माणूस आपल्याच घरात असा परका होईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. इंदूबाईंच्या मांडीवरच्या एका पोरीकडे ते पाहत होते. बाकी चेहरा साधा होता, पण नाक लांब, मधे उंचवटा असलेलं, टोकाला वाकलेलं. ते नाक ते रोज दाढी करताना आरशात पाहत.

"हे नाक असं काहून केलं?" त्यांनी विचारलं.

"ते तशीच होती. तीन दिवस होती. तुमी पांढुर्ण्याले कापूस घेऊन गेले होते. आले, अन् पोरगी हाय म्हनल्यावर खोलीत पाहाले बी आले नाही. तुमच्या आईनं सांगतलं, दूध नको देऊ, तिले पचत नाही. तिसऱ्या दिवशी तिनं रडनंच बंद केलं. म्या नाक पाहून ठेवलं होतं. विसरू नाही म्हून."

यशवंतराव हळूच खाली बसले, तिथंच, गव्हात.

उर्मिलेनं आपल्या दोन उचलल्या. त्यांना हातपाय होते, गळ्यात एकेक काळा मणी होता. चेहऱ्याच्या जागी नुसती गुळगुळीत माती.

"माह्या अशाच राह्यल्या," ती म्हणाली. "मले तोंडच दिसलं नाही त काय करू? मशीनवर त्या मानसानं नुसतं बोट दाखवलं अन् स्क्रीन फिरवून घेतली. आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या साली कोठी मी भरली. तवा ठेवल्या."

सासू, सून आणि नातसून, तिघीही आपल्याला एकटीलाच हे माहीत आहे असं समजून, दार लावून, एकाच कोठीत वाकत आल्या होत्या.

तृप्ती गव्हात गुडघे टेकून एकेक पोरगी पुसत होती. कोठीच्या तोंडाशी आत अजून एक अडकली होती. तिनं हात घालून ती काढली आणि तिचे खांदे ताठ झाले.

ती ओली होती.

माती बोटांना लागत होती. अंगभर गहू चिकटले होते, पोटाला, गालांना, जिथं डोळे असायचे तिथं. हिलाही चेहरा नव्हता.

"ही कोनाची?"

इंदूबाईंनी मान हलवली. उर्मिला हात पदराखाली लपवू लागली. तिच्या नखांत माती होती.

"ताई?"

"तुह्यी," उर्मिला म्हणाली. आणि मग तिला थांबता येईना. "आज पहाटे केली मी. रविवारचं मले ह्याइनं नागपूरवरून फोनवर सांगतलं होतं. पोरगा निघाला असता त मी गुपचूप काढून घेतली असती, देवीशपथ. माह्यी पयली गेली तवा दोन वर्षं माह्याच्यानं मातीले हात नाही लावल्या गेला. तुह्यं बी तसंच होईन वाटलं. तेवढं तरी तुह्यं करून ठेवावं म्हनलं. मले दुसरं काहीच करता येत नव्हतं वं, तृप्ती!"

तृप्तीला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तिला थंडी वाजली फक्त, भर भाद्रपदात. आपलं बाळ आत हलतही नाही अजून, आणि या घरात त्याची जागा तयार होती, गव्हाखाली. ती उठली, कुलदीपपुढं गेली आणि ती ओली पोरगी तिनं त्याच्या तळव्यावर ठेवली.

"मी नाही जानार. हे मी सांगून राहिली, इचारून नाही राहिली," ती म्हणाली. "पन तुमी काय करता ते मले आत्ताच पाहाचं हाय. मले न्याचं असंन त ही तुमी आपल्या हातानं आत ठेवा. बायकाइनं लय ठेवल्या."

कुलदीपच्या खिशातला फोन वाजायला लागला.

त्यानं दुसऱ्या हातानं तो काढला. तोच नंबर. यशवंतरावांनी वर पाहिलं, पण काही बोलले नाहीत. इंदूबाईही बोलल्या नाहीत. आजवर त्याच्यासाठी नेहमी कोणीतरी बोललं होतं. बाप, भाऊ, आई. आता फोन वाजत होता आणि चारही माणसं त्याच्याकडे पाहत होती. त्याच्या तळहाताला ओल्या मातीचा गारवा लागत होता आणि एक छोटी पाठ त्याच्या अंगठ्याला टेकली होती. त्याला ते मुलीचं नाव आठवलं.

त्यानं मूठ आवळली. माती बोटांतून बाहेर आली, गहू खाली गळले. आवळत आवळत त्यानं तिचा नुसता गोळा केला. मग फोन कानाला लावला.

"नाही, भाऊ. आज नाही. रविवारी बी नाही." पलीकडचा माणूस काहीतरी विचारत होता. "नाही नाही, पोरगा हाय म्हून नाही. काय हाय ते आमाले माहीत नाही, अन् पाहाचं बी नाही. पुन्हा फोन नको लावू."

तृप्ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. उर्मिलेनं तिला जवळ घेतलं.

इंदूबाई मात्र रडल्या नाहीत. त्यांनी पाट पुसला. त्यावर आधी पितळेची पोरगी बसवली, मग सासूच्या चार, उर्मिलेच्या दोन, आपल्या दोन. एका ओळीत, दाराकडं तोंड करून. बाहेर बगिच्यात पुन्हा एक फळ पडलं.

"उद्या सौंसर येईन जेवाले," यशवंतराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. "इचारतीन, ह्या कोन. काय सांगाचं?"

"खरं सांगा," इंदूबाई म्हणाल्या. "तुमाले नसंन जमत त मी सांगीन. मले सगळे दिवस पाठ हायेत."

समईची वात वाकली, सरळ झाली. ओळीच्या टोकाला ते नाक यशवंतरावांकडे रोखून बसलं होतं. त्यांनी तोंड फिरवलं, पण नजर तिथंच येत होती.

"इंदू," ते म्हणाले. नावानं त्यांनी बायकोला वर्षानुवर्षं हाक मारली नव्हती. "तिचं तेवढं तोंड तिकडं कर."

इंदूबाईंनी समईत तेल घातलं.

"तीन दिवस तिनं तुमचीच वाट पाह्यली," त्या म्हणाल्या. "आता पाहू द्या तिले."

आणि त्या सांडलेले गहू गोळा करायला लागल्या. यशवंतराव तिथंच बसून राहिले.